कुलूपबंद संहिता : प्रत, प्रताधिकार आणि संगणकीय वाचक

१

मराठी वाङ्मयेतिहास हा एका अर्थाने प्रतींचा इतिहास आहे. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत उपलब्ध नाही, लीळाचरित्राची नाही, तुकारामांच्या समग्र अभंगांची निर्विवाद अशी एकच प्रतही नाही. जे हाती आले आहे ते नकलांच्या नकलांमधून. शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी साहाय्याने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत सिद्ध केलेली तुकारामांची गाथा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते समोर ठेवून तयार झाली. ती हस्तलिखिते कोणी तरी कोणाची परवानगी न घेता उतरवून घेतली होती, म्हणूनच संपादकाला तुलनेसाठी पाठ मिळाले. पाठचिकित्सा ही विद्याशाखा, प्रत करण्याची क्रिया मुक्त होती या गृहीतकावर उभी आहे. परंतु हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा उच्चारही सहसा होत नाही.

संगणकाने या गृहीतकालाच हात घातला. गेल्या चार दशकांत ज्याला 'डिजिटल हक्कांचा वाद' म्हटले जाते, तो वरवर पाहता तंत्रज्ञ, वकील आणि व्यापारी यांच्यातील वाद आहे. साहित्यसमीक्षेने त्याकडे बहुतांशी बाहेरचा विषय म्हणून पाहिले. वास्तविक त्या वादाच्या केंद्रस्थानी असलेले तीन प्रश्न समीक्षेचे जुने प्रश्न आहेत : संहिता कोणाची, तिची प्रत कोणी करावी, आणि वाचकाचा तिच्याशी संबंध कोणत्या स्वरूपाचा असतो. या तिन्ही प्रश्नांना मराठी परंपरेने मुद्रणपूर्व काळात काही उत्तरे दिली होती. ती उत्तरे आणि आजचा वाद एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंवरही काही प्रकाश पडू शकेल.

२

मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात 'लेखक' ही संकल्पना नैसर्गिक नसून ऐतिहासिक असल्याचे दाखविले. लेखनाबद्दल शिक्षा होऊ लागली तेव्हा लेखनाला लेखक लाभला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत मालकीचे काटेकोर नियम तयार झाले तेव्हा तो लेखक मालक बनला, असा त्या मांडणीचा आशय आहे. मराठी संतकवितेच्या संदर्भात ही मांडणी थोडी तपासून घ्यावी लागते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही कर्तृत्वाची स्पष्ट खूण आहे. ती अभंगाच्या छंदात आणि अर्थात विणलेली असते आणि पाठांतरातही सहसा गळत नाही. म्हणजे कर्तृत्वाची जाणीव येथे पुरेपूर होती. नव्हती ती प्रतीवरील मालकी. अभंग म्हणणारा, लिहून घेणारा, दुसऱ्याला देणारा यांपैकी कोणीही कर्त्याचे काही हिरावून घेत आहे असे कोणालाच वाटत नव्हते. उलट, ग्रंथ उतरविणे हे पुण्यकृत्य समजले जाई.

याचा अर्थ असा नव्हे की संहितेचे रक्षण करण्याची काळजीच नव्हती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठांचे शुद्धीकरण केले आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असा कडक इशारा देऊन ठेवला. अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्याशी त्यांनी अशा प्रक्षेपाची तुलना केली. या इशाऱ्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. नक्कल करण्यास एकनाथांचा विरोध नाही. त्यांचा आक्षेप आहे तो मिसळ करण्यास. पुढे आधुनिक कायद्याने लेखकाचा आर्थिक हक्क आणि त्याचा नैतिक हक्क असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्याचे बीज येथे दिसते, पहिल्याचे मात्र नाही.

याच परंपरेत एक महत्त्वाचा अपवाद आढळतो. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. सकळ, सुंदरी अशा या लिप्यांत एका वर्णाऐवजी दुसरा वर्ण किंवा चिन्ह योजलेले असते आणि किल्ली ठाऊक असल्याशिवाय मजकूर वाचता येत नाही. पंथाबाहेरच्या विरोधापासून बचाव आणि पवित्र संहितेचे अनधिकारी वाचकापासून रक्षण, ही दोन कारणे अभ्यासक देत आले आहेत. रक्षण झाले हे खरे. त्याची किंमतही मोजावी लागली. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ आणि त्याभोवतीचे विपुल वाङ्मय शतकानुशतके मराठी साहित्याच्या सामान्य प्रवाहाबाहेर राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ही लिपी पंथाबाहेरील अभ्यासकांना उलगडली, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास मागे नेऊन नव्याने लिहावा लागला. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र तर १९७८ साली प्रसिद्ध झाले.

लिपीच्या या कुलपाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, त्याची किल्ली माणसांच्या हाती होती. ती शिकता येत होती आणि शिकविताही येत होती. दुसरी, कुलूप लावल्यानंतरही पोथी ही वस्तू म्हणून ज्याच्या घरी होती त्याच्याच घरी राहत होती. पोथीचा धनी आणि लिपीचा जाणकार हे वेगळे असू शकत होते. म्हणूनच शेकडो वर्षांनी का होईना, ती उघडता आली.

३

मालकीची कल्पना आली ती मुद्रणाबरोबर, आणि तीही प्रथम लेखकाच्या नावाने नव्हे. लंडनमधील ग्रंथविक्रेत्यांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. प्रत करण्याचा एकाधिकार त्या संघाच्या सभासदांचा होता आणि त्याच्या मोबदल्यात राजसत्तेला छपाईवर देखरेख ठेवणे सोपे जात होते. परवान्यांचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आल्यावर विक्रेत्यांनी लेखकाला पुढे केले. १७१० मध्ये अमलात आलेल्या राणी अॅनच्या कायद्याने नव्या पुस्तकाला १४ वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे संरक्षण दिले. मुदत संपल्यावरही लेखकाचा नैसर्गिक हक्क कायमचा उरतो, असा दावा विक्रेते करीत राहिले आणि १७६९ मध्ये एका न्यायालयाने तो मान्यही केला. मात्र १७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने तो फेटाळला. वादातील पुस्तक जेम्स टॉमसन या कवीचे होते. टॉमसन तेव्हा हयात नव्हते आणि भांडण दोन विक्रेत्यांमध्ये होते. लेखकाचा हक्क म्हणून जे मांडले जाते ते पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी हिताचे असते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

या वादाला तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले ते जर्मन विचारवंतांनी. १७९३ मध्ये योहान फिश्टे यांनी पुस्तकाचे तीन घटक वेगळे केले : छापील कागद, त्यातील विचार आणि त्या विचारांना लेखकाने दिलेले रूप. कागद विकत घेणाऱ्याचा होतो, विचार समजून घेणाऱ्या प्रत्येकाचे होतात. रूप मात्र लेखकाचेच राहते. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या भेदावर आजही प्रताधिकाराचा कायदा उभा आहे. साहित्यविचाराने पुढे हा भेद टिकणारा नाही असे कितीही वेळा दाखविले असले तरी कायद्याला त्यावाचून चालत नाही. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की फिश्टे यांच्या विभागणीत वाचकाला निःसंशय एक वाटा होता. कागद त्याचा होता. तो कोणाला उसना द्यावा, रद्दीत विकावा की समासात टिपा लिहाव्यात हे ठरविणारा तोच होता.

हिंदुस्थानात हा कायदा १८४७ मध्ये कंपनी सरकारच्या राज्यात आला. मुदत होती ४२ वर्षे किंवा लेखकाचे हयातभर आणि मृत्यूनंतर ७ वर्षे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदणीचा उल्लेख मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे दिसू लागला. हक्क राखणे आणि सरकारदरबारी हजेरी लावणे ही दोन्ही कामे त्या एका ओळीत एकत्र आली आहेत. फूको यांनी सांगितलेली शिक्षा व मालकी यांची जोडी वसाहतीत अशी शेजारीशेजारी नांदताना दिसते.

१९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याचीच हिंदुस्थानी आवृत्ती होता. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत त्यात आली. त्याबरोबरच एक वेगळी तरतूदही आली : अनुवादाचा एकाधिकार पहिल्या प्रकाशनानंतर फक्त १० वर्षे टिकेल. त्या काळात लेखकाने वा त्याच्या संमतीने एखाद्या भाषेत अनुवाद प्रसिद्ध झाला नाही, तर त्या भाषेपुरता तो हक्क संपे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत संहितेने जाणे ही देशी भाषांची गरज आहे, याची ही कायदेशीर कबुली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी अनुवादव्यवहाराचा विचार भाषिक आणि सांस्कृतिक अंगाने पुष्कळ झाला आहे. त्याला या तरतुदीची पार्श्वभूमीही होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९५७ च्या स्वतंत्र भारताच्या कायद्यात तिच्या जागी सात वर्षांनंतर सक्तीच्या परवान्याची तरतूद आली. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या कृतीच्या विरूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. एकनाथांची चिंता येथे कायद्याच्या भाषेत उतरली, असे म्हणता येईल.

मुदत मात्र वाढत राहिली. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले. त्यांच्या लेखनावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होते. ते संपण्याच्या बेतात असताना वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वच लेखकांसाठी मुदत ६० वर्षांची झाली. एका लेखकाच्या वारशासाठी साऱ्या भारतीय भाषांतील वाङ्मय दहा वर्षे सार्वजनिक होण्यापासून रोखले गेले. अमेरिकेत १९९८ मध्ये ही मुदत ७० वर्षांपर्यंत गेली.

४

संगणकाच्या जगात वादाला तोंड फुटले ते पुस्तकांवरून नव्हे, तर आज्ञावलींवरून. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्यासाठी एक परवाना तयार केला. प्रताधिकार नाकारण्याऐवजी त्याचाच उपयोग करून, वापरण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य पुढच्या प्रत्येक प्रतीला बांधून द्यावयाचे, ही त्या परवान्याची युक्ती. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी एक छोटी कथाही लिहिली. तीत एका विद्यार्थ्यापुढे आपला संगणक मैत्रिणीला उसना द्यावा की नाही असा पेच आहे. कारण त्यातील पुस्तके दुसऱ्याने वाचणे हा त्या कल्पित भविष्यकाळात गुन्हा ठरलेला आहे.

याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, जॉन पेरी बार्लो यांनी दावोस येथून संगणकीय अवकाशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. राष्ट्रांच्या सरकारांना या नव्या प्रदेशात अधिकार नाही आणि मालकीच्या जुन्या कल्पना तेथे लागू होत नाहीत, असा त्याचा सूर होता. हा जाहीरनामा अतिशय गाजला आणि त्यावर टीकाही रास्त झाली. त्यात श्रमांचा विचार नव्हता, त्या प्रदेशात प्रवेश न मिळालेल्यांचा नव्हता आणि सरकार दूर झाल्यावर रिकाम्या जागी कोण येऊन बसेल याचाही नव्हता. लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले : संगणकीय अवकाशात आज्ञावली हाच कायदा असतो. तो विधिमंडळात संमत होत नाही, त्यावर चर्चा होत नाही आणि त्याचा भंग करणे पुष्कळदा शक्यच नसते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने या आज्ञावलीरूप कायद्याला खऱ्या कायद्याचे पाठबळ दिले. संहितेवर लावलेले तांत्रिक कुलूप तोडणे, किंवा ते तोडण्याचे साधन पुरविणे, हा स्वतंत्र अपराध ठरला. उद्देश काय होता, ही बाब बहुतांशी गौण झाली. जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन संशोधकाला लास व्हेगास येथे व्याख्यानानंतर अटक झाली. संगणकीय पुस्तकांचे कुलूप उघडणाऱ्या आज्ञावलीवर त्यांनी काम केले होते आणि ते काम त्यांच्या देशात गुन्हा नव्हते. पुढे त्यांच्याविरुद्धचा आरोप मागे घेण्यात आला आणि डिसेंबर २००२ मध्ये त्यांच्या कंपनीला ज्यूरीने निर्दोष ठरविले. महानुभाव लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवणाऱ्यांचे ऋण मराठी वाङ्मयेतिहास कृतज्ञतेने मान्य करतो. तसेच काम करणाऱ्याला नव्या व्यवस्थेत आरोपी व्हावे लागले, हा फरक केवळ तांत्रिक नाही.

या व्यवस्थेचे अंतिम स्वरूप स्पष्ट झाले ते जुलै २००९ मध्ये. जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी ज्या वाचकांनी अॅमेझॉनकडून किंडल या वाचनयंत्रासाठी विकत घेतली होती, त्यांच्यापैकी काहींच्या यंत्रांतून ती कंपनीने दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुस्तक पुरविणाऱ्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते, असे कारण देण्यात आले आणि ते खरेही होते. एका शाळकरी विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेल्या टिपा मात्र आधाराचा मजकूरच नाहीसा झाल्याने निरुपयोगी झाल्या. कंपनीने क्षमा मागितली आणि न्यायालयातील तक्रार त्याच वर्षी तडजोडीने मिटली. एखादे छापील पुस्तक बेकायदा निघाले तरी विक्रेता वाचकाच्या घरात शिरून ते कपाटातून काढून नेत नाही. येथे हे शक्य झाले, कारण वाचकाने पुस्तक घेतलेच नव्हते. त्याला वाचण्याचा परवाना मिळाला होता. फिश्टे यांच्या विभागणीत वाचकाच्या वाट्याला आलेला कागद या व्यवहारातून वजा झाला.

ऑर्वेल यांचे निधन जानेवारी १९५० मधले. साने गुरुजींचे त्याच वर्षी जूनमध्ये. भारतीय कायद्यानुसार '१९८४' आणि 'श्यामची आई' ही दोन्ही पुस्तके १ जानेवारी २०११ रोजी एकदमच सार्वजनिक झाली. ब्रिटनमध्ये ऑर्वेल यांचे लेखन २०२१ मध्ये मुक्त झाले, अमेरिकेत ही कादंबरी अद्याप संरक्षित आहे. 'संहिता सार्वजनिक आहे' या विधानाला देश आणि दिनांक जोडल्याशिवाय अर्थ नाही.

५

भारतात हा वाद दोन ठिकाणी वेगळ्या वळणाने गेला. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलपांना भारतीय कायद्यात प्रथमच स्थान मिळाले. परंतु कुलूप तोडणे तेव्हाच शिक्षापात्र ठरते, जेव्हा त्यामागे हक्कभंगाचा उद्देश असतो. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी ते उघडण्यास मुभा आहे. त्याच दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी वाचनसुलभ प्रती करण्यास परवानगी दिली. पुढे दृष्टिहीन वाचकांसाठीच्या २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

दुसरे ठिकाण दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींचे दुकान. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी, अभ्यासक्रमातील उताऱ्यांच्या छायाप्रती बांधून विकणाऱ्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांनी संघटना करून खटल्यात भाग घेतला, पाठोपाठ अध्यापकांनीही. ज्यांच्या पुस्तकांवरून वाद चालला होता त्यांपैकी अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. १७७४ च्या खटल्यात लेखक हयात नव्हता. येथे लेखक हयात होते आणि आपल्या नावाने मांडलेला दावा त्यांनी नाकारला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळताना प्रताधिकार हा ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नसल्याचे नमूद केले. डिसेंबरमध्ये खंडपीठाने अध्यापनासाठी प्रती करण्याची मुभा तत्त्वतः उचलून धरली आणि काही तथ्यांपुरते प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मराठीला याखेरीज एका निराळ्या कुलपाचा अनुभव आहे. ते कोणी हेतुपुरस्सर लावले नव्हते. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा देवनागरीसाठी एक राष्ट्रीय संकेतप्रणाली तयार झाली होती. १९८८ मध्ये तिचा मसुदा आणि १९९१ मध्ये प्रमाणित रूप आले. १९९१ चाच युनिकोड देवनागरीपुरता तिच्यावरून बेतलेला होता. तरीही व्यवहारात प्रत्येक अक्षरजुळणी-आज्ञावलीने स्वतःचे वेगळे संकेत वापरले. एका आज्ञावलीत लिहिलेले मराठी दुसरीत उघडले की रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसे. त्या काळात टंकित झालेला मराठी मजकूर, त्यात नियतकालिके, कोश, कथासंग्रह सारे आले, आज मूळ आज्ञावली वा रूपांतरकाची मदत असल्याशिवाय वाचता येत नाही. वर्णाऐवजी दुसरे चिन्ह हेच सकळ लिपीचे तत्त्व होते. फरक इतकाच की सकळ लिपीची किल्ली गुरुशिष्यपरंपरेने जपली गेली, आणि या संकेतांची किल्ली उत्पादन बंद होताच अडगळीत गेली. छापील प्रती उरल्या म्हणून त्या दशकाचे साहित्य उरले.

६

या साऱ्या इतिहासातून 'सर्व काही मुक्त असावे' असा निष्कर्ष काढणे बार्लो यांच्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल. लिहिण्यावर उपजीविका करू पाहणाऱ्या लेखकाला प्रताधिकाराचाच आधार आहे, आणि मराठीसारख्या लहान ग्रंथबाजारात अनधिकृत छपाईने होणारे नुकसान काल्पनिक नाही. परंतु तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. संहितेची शुद्धता हा कर्त्याचा आणि परंपरेचा हक्क आहे. प्रतीचा मोबदला हा मुदतीपुरता दिलेला, समाजाने ठरविलेला हक्क आहे. वाचकाने घेतलेल्या प्रतीवर त्याचा ताबा असणे ही मात्र वाङ्मयीन संस्कृतीची पूर्वअट आहे. आजच्या तांत्रिक कुलपाची अडचण अशी की ते पहिल्या दोघांच्या नावाने लावले जाते आणि तिसऱ्याला बंद करते. त्याला मुदत नाही. कायदेशीर हक्क संपल्याच्या दिवशी ते आपोआप उघडत नाही.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. सांप्रदायिक परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्रात हरवली आणि ते स्मरणाने पुन्हा सिद्ध झाले. भिन्न पाठ उरले, कारण ते भिन्न लोकांच्या ताब्यात होते. जी संहिता परवान्याने वाचली जाते आणि एकाच ठिकाणी साठविलेली असते, तिला पाठभेद नसतात. ती बदलली तर सर्वत्र एकदम बदलते आणि पूर्वीचा पाठ काय होता हे सांगणारी घरगुती प्रत कोठेही नसते. प्रक्षेप ओळखावयाचा तर आधीची प्रत हाती असावी लागते. एकनाथांना शुद्धीकरण करता आले, कारण अशुद्ध का होईना, प्रती पुष्कळ होत्या.

मराठीत 'प्रत' या शब्दाने नक्कलही दर्शविली जाते आणि दर्जाही. वाङ्मयेतिहासाला या दोहोंपैकी दुसरीचा निर्णय करावयाचा असतो, आणि तो निर्णय पहिली उपलब्ध असल्यावरच होऊ शकतो. संगणकीय हक्कांचा वाद मराठी समीक्षेच्या अंगणात येतो तो या वाटेने.